मेमरी मर्यादित आहे, तर मग ट्युरिंगला घाबरायचं कशाला?

हरिपूरकर

नमस्कार मंडळी. मी सांगलीत डिप्लोमाच्या पोरांना मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमधला छोटा संगणक, शिकवतो. परवा तासाला तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने वेगळाच विषय काढला. डिग्रीला असलेल्या भावाची वही वाचून आली होती. तिचं म्हणणं असं की ॲलन ट्युरिंगने १९३६ साली कागदावर मांडलेल्या यंत्राला अनंत लांबीची फीत आहे. कुठलाही प्रोग्राम थांबेल की चालतच राहील हे आधीच सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हा 'हॉल्टिंग प्रॉब्लेम'चा निकाल त्या यंत्रावर उभा आहे. आपल्या लॅबच्या मशीनला चार जीबी रॅम. फीत कुठंय सर?

मला तर तिचं पटतंय. रॅम, डिस्क, रजिस्टर सगळं धरलं तरी बिट मोजकेच, म्हणजे मशीनच्या एकूण अवस्थाही मोजक्याच. बाहेरून इनपुट येत नसेल तर एका अवस्थेनंतर दुसरी कुठली येणार हे ठरलेलं असतं. चालत राहिलं तर कधीतरी जुनी अवस्था पुन्हा येणारच, आणि एकदा आली की तेच चक्र कायमचं. थोडक्यात प्रोग्राम एकतर थांबतो नाहीतर चक्रात अडकतो, आणि दोन्ही तपासता येतं. मग हॉल्टिंग प्रॉब्लेमचा बागुलबुवा कशाला?

आणि त्याला जोडून खरा प्रश्न: मर्यादित मेमरीचं यंत्र नेमकं काय काय काढू शकतं आणि काय नाही? पोरांना सांगता येतील अशी उदाहरणं हवीत.

शून्यवादी

आमच्या ऑफिसातली मशीनं थांबण्याचा प्रश्न दिवसातून चार-पाचदा सोडवतात. आपोआप.

मिरज_जंक्शन

+१. तुमची निदान चालू तरी होतात.

माहुलीकर

हरिपूरकर सर, तुमचा युक्तिवाद बरोबर आहे आणि जवळजवळ निरुपयोगी आहे.

८०५१ हा मायक्रोकंट्रोलर तुम्ही शिकवत असणारच. त्यातली रॅम १२८ बाइट, म्हणजे १०२४ बिट. अवस्था किती? २ चा १०२४ वा घात. ही संख्या ३०९ अंकी आहे. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या साधारण १ वर ८० शून्यं धरतात, आणि ती ओलांडायला ३४ बाइट पुरतात! म्हणजे १९८० सालच्या त्या चिपच्या सगळ्या अवस्था बघून होणं कुणालाही शक्य नाही.

आता तुमच्या लॅबचे चार जीबी घ्या. तिथे अवस्थांची संख्या लिहायलाच सुमारे १,०३४ कोटी अंक लागतात. मी संख्येबद्दल नाही, ती लिहायला लागणाऱ्या अंकांबद्दल बोलतोय. पानाला तीन हजार अंक छापले तर चौतीस लाख पानं होतील.

तेव्हा 'कधी ना कधी जुनी अवस्था परत येणार' यातलं 'कधी ना कधी' जरा जपून वापरा.

अडाणी_नंबर_एक

पण सगळ्या अवस्था बघायच्याच कशाला? चक्रात सापडलंय एवढंच ओळखायचं ना?

माहुलीकर

बरोबर, आणि त्याला रीतही आहे. एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती चालवायच्या. एक पावलागणिक एक पाऊल टाकते, दुसरी दोन. मूळ प्रोग्राम थांबणारा असेल तर पळणारी प्रत आधी थांबते. चक्र असेल तर पळणारी मागून येऊन सावकाश चालणारीला गाठते आणि दोघींची अवस्था हुबेहूब जुळते. मेमरी दुपटीला थोडी जास्त. फ्लॉइडच्या नावाने ओळखतात.

खोच वेळेत आहे. समजा अख्ख्या प्रोग्रामची अवस्था फक्त ६४ बिटांची, म्हणजे आठ बाइट. सेकंदाला शंभर कोटी पावलं टाकली तरी २ चा ६४ वा घात संपायला ५८४ वर्षं. आज संपायचं असेल तर बहामनी राज्यात सुरू करायला हवं होतं.

शून्यवादी

आणि बहामनींनी टेंडर काढलं असतं तर अजून प्री-बिड मीटिंगच चालू असती.

रात्रपाळी

सगळेजण एक गोष्ट विसरताय. 'तपासता येतं' हे खरं, पण *कुणाला*? माहुलीकर म्हणतात तसं दुप्पट मेमरी लागते. म्हणजे चार जीबीच्या मशीनचा निकाल लावायला आठ जीबीचं मशीन, आणि त्याचा निकाल लावायला सोळाचं. चार जीबीच्या मशीनवर चार जीबीच्याच सगळ्या प्रोग्रामांचा निकाल लावणारा तपासनीस बसवून दाखवा. नाही बसणार. बसला असं धरा, तर मी त्याला चार ओळी जोडतो: तपासनिसाला माझ्याचबद्दल विचारायचं, तो 'थांबेल' म्हणाला की मी फिरत राहणार, 'फिरेल' म्हणाला की लगेच थांबणार. पडला तोंडघशी. माझ्या चार ओळींना जागा उरली नसेल तरच तो वाचतो, म्हणजे त्याने जवळपास सगळी मेमरी स्वतःच खाल्लेली असणार.

ट्युरिंगचाच युक्तिवाद आहे हा, मर्यादित मेमरीत शिरलेला. तेव्हा घाबरायचं कारण कुठे गेलं नाही.

तासगावकर

तुमचं बहामनी चालू द्या. माझा अनुभव सांगतो, मेमरी कमी म्हंजे काय ते कळंल.

द्राक्षबागेत ठिबकला एक कंट्रोलर लावलाय. गावातल्याच एका पोरानं बनवून दिला, स्वस्तात. झकास चालला. ऑक्टोबर छाटणी झाली, पाणी-खत येळेवर. आन एक दिवस व्हॉल्व उघडायचंच बंद. बंद करून चालू केला की परत सुरळीत. मी म्हटलं उंदरानं वायर कुरतडली. मग परत महिना-दीड महिन्यानं तेच. वायर चांगली, व्हॉल्व चांगला, पोरगं म्हणतंय दादा तुमचा व्होल्टेज खराब.

शेवटी पुण्याच्या भाच्यानं बघितलं. आतला घड्याळाचा आकडा मिलिसेकंदात मोजतोय आन तो ३२ बिटांचा. ४,२९,४९,६७,२९६ झालं की परत शून्य. दिवस काढा: ४९.७!

काटेवाला

तासगावकर, अगदी नेहमीचा आजार. कोडमध्ये 'आत्ताची वेळ पुढच्या वेळेपेक्षा मोठी झाली का' असं विचारलेलं असणार. पुढची वेळ काठोकाठ मोठी ठरलेली असते, तेवढ्यात घड्याळ शून्यावर येतं आणि आत्ताची वेळ तिच्यापुढे जातच नाही. उलट 'आत्ता वजा मागची वेळ, हे अंतर पुरेसं झालं का' असं विचारलं की शून्य ओलांडलं तरी बिनचिन्हाच्या वजाबाकीचं उत्तर बरोबर येतं. एका ओळीचा फरक.

मी साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांची दुरुस्ती करण्यात हयात घालवली. जुन्या इंडिकेटरमध्ये तीच ८०५१, तेच १२८ बाइट. त्यात चालू वजन, रिकाम्या गाडीचं वजन, लोडसेलच्या (वजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) वाचनांची सरासरी, डिस्प्लेचे अंक आणि स्टॅक (चालू कामाच्या तात्पुरत्या नोंदी), सगळं कोंबलेलं. गाडी काट्यावर आली की वजन थरथरतं, म्हणून शेवटची काही वाचनं धरून सरासरी काढायची. किती वाचनं? सोळा. दोन बाइटला एक वाचन, झाले बत्तीस बाइट, पाव रॅम संपली! एकदा एका पठ्ठ्याने चौसष्ट वाचनं धरायचा हट्ट धरला. चौसष्ट दुणे एकशे अठ्ठावीस. मग स्टॅक काय ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवणार?

मिरज_जंक्शन

चंद्रावर गेलेल्या कॉम्प्युटरपेक्षा तुमच्या हातातला फोन… कुणीतरी म्हणणारच होतं, म्हणून मीच म्हणून टाकलं.

काटेवाला

म्हणालातच तर आकडे तरी द्या. अपोलोच्या गायडन्स कॉम्प्युटरला लिहिता येणारी मेमरी २,०४८ शब्दांची, आणि कायमची विणलेली ३६,८६४ शब्दांची. आमच्या काट्यापेक्षा श्रीमंत होता तो.

अडाणी_नंबर_एक

ते २०३८ चं काय असतं? तेही असंच ना?

माहुलीकर

तसंच. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद चिन्हासह ३२ बिटांत ठेवणाऱ्या प्रणाली २,१४,७४,८३,६४७ ला संपतात. १९ जानेवारी २०३८, आपल्या वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला घड्याळ १९०१ सालात. नव्या प्रणाल्यांनी ६४ बिट घेतलेत, पण ठिबकच्या डब्यात काय आहे कुणी बघितलंय.

शून्यवादी

१९ जानेवारी २०३८ ला मंगळवार येतोय. अंगारकी आहे का बघा कुणीतरी, म्हणजे सांगलीच्या गणपतीलाच साकडं घालू.

सुगंधा_वाई

सरांचा दुसरा प्रश्न बाजूलाच पडला. काय काढता येतं आणि काय नाही?

एकदम गरीब यंत्र घ्या. इनपुट अक्षरामागून अक्षर येतं, मागे वळून बघता येत नाही, आणि आतल्या अवस्था ठरलेल्या, इनपुट कितीही लांबलं तरी तेवढ्याच. याला फायनाइट ऑटोमेटा म्हणतात. राबिन आणि स्कॉट यांचा १९५९ चा लेख यावरचा पायाभूत मानतात, दोघांना १९७६ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

असं यंत्र मैलभर लांबीच्या संख्येला ७ ने भाग जातो का ते सांगू शकतं. अवस्था सातच लागतात: आत्तापर्यंतची बाकी ० ते ६. नवा अंक आला की जुन्या बाकीची दहापट करून त्यात तो मिळवायचा आणि पुन्हा ७ ने भागून बाकी ठेवायची. २०३८ च घ्या. २ आला, बाकी २. मग ०: वीसची बाकी ६. मग ३: त्रेसष्टची बाकी ०. मग ८: बाकी १. २०३७ ला भाग जातो, म्हणजे बरोबर. तीन बिटांत काम झालं, आणि संख्या दहा लाख अंकी असती तरी तीनच बिट.

आता दुसरा प्रश्न. आलेलं वाक्य उलट वाचलं तरी तेच राहतं का? 'ती होडी जाडी होती' सारखं. हे त्या यंत्राला जमत नाही. कारण बघा. समजा त्याच्या हजार अवस्था आहेत. सारख्याच लांबीचे एक हजार एक वेगवेगळे पूर्वार्ध त्याला आळीपाळीने द्या. त्यातले निदान दोन त्याला एकाच अवस्थेत नेऊन सोडणार. आता पहिल्या पूर्वार्धाचं उलटं रूप दोघांनाही पुढे जोडा. एकाचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' यायला हवं, पण यंत्राला दोघांतला फरक आठवतच नाही. हजारच्या जागी कोटी अवस्था केल्या तरी युक्तिवाद तोच.

दोन्ही प्रश्न शाळेतल्या मुलाला समजतील असे. पण पहिल्याला लागणारी मेमरी इनपुटबरोबर वाढत नाही, दुसऱ्याला ती वाढवावीच लागते. सर, तुमच्या विद्यार्थिनीला माझ्या मते हा फरक दाखवा.

तासगावकर

रामाला भाला मारा.

मिरज_जंक्शन

चिमा काय कामाची.

शून्यवादी

बास करा, ऑटोमेटाला घेरी आली.

रात्रपाळी

सुगंधाताई, उदाहरण छान, पण एक पळवाट राहिली. तुमचं यंत्र मागे वळत नाही म्हणून अडलं. वाक्य एका जागी लिहिलेलं असेल आणि पुन्हा पुन्हा वाचायची मुभा असेल, तर होडीचं उत्तर दोन बोटांत येतं. एक पहिल्या अक्षरावर, एक शेवटच्या. ती बोटं कुठे आहेत तेवढंच लक्षात ठेवायचं. दहा लाख अक्षरांचं वाक्य असलं तरी एका बोटाची जागा वीस बिटांत मावते.

सुगंधा_वाई

अगदी! आणि त्या मुभेने केवढा फरक पडतो बघा. २००५ मध्ये राइनगोल्ड यांनी दाखवलं की रस्त्यांचा नकाशा फक्त वाचायला दिला आणि हाताशी एवढीच मेमरी असली की मोजक्या चौकांचे क्रमांक मावावेत, तरी या चौकातून त्या चौकात जायला वाट आहे का हे नक्की सांगता येतं. कुठले चौक बघून झाले याची यादी न ठेवता! मिरजेच्या बोळांत फिरलेल्या माणसाला याची किंमत कळेल. अट एकच, रस्ते दुहेरी हवेत. एकेरी वाहतुकीला हीच गोष्ट जमते का हे आजही कुणाला माहीत नाही.

मिरज_जंक्शन

मिरजेत एकेरी रस्ता फक्त पाटीवर असतो. निकाल लागू.

अडाणी_नंबर_एक

माझी मूळ शंका तशीच आहे. रॅम भरली तर डिस्क लावता येते, डिस्क भरली तर दुसरी. मग आपलं मशीन मर्यादित कसं?

माहुलीकर

ही शंका अडाणी अजिबात नाही. ट्युरिंगच्या डोळ्यांसमोर यंत्राआधी माणूस होता, चौकोनाच्या कागदावर आकडेमोड करणारा. फीत अनंत म्हणजे कुणी अनंत कागद आणून रचून ठेवलेला नाही. कुठल्याही क्षणी वापरलेला भाग मोजकाच असतो. फक्त 'कागद संपला' म्हणून आकडेमोड अडायची नाही, वही संपली की मंडईतून दुसरी आणायची. थिअरीतलं अनंत एवढंच आहे.

म्हणून प्रोग्राम लिहिताना आपण 'माझ्या मशीनला इतक्या अवस्था' असा विचार करत नाही. यादी क्रमाने लावायचा प्रोग्राम लिहितो, तो शंभर नावांना चालतो आणि शंभर कोटींनाही, मेमरी पुरली तर. प्रोग्रामला वरची मर्यादा नाही, ती डब्याला आहे. हरिपूरकर सर डब्याबद्दल बोलताहेत आणि ट्युरिंग प्रोग्रामबद्दल.

रात्रपाळी

सी भाषेत तीही सोय नाही. पॉइंटरचा, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणाऱ्या आकड्याचा, आकार ठरलेला, म्हणजे पत्ते मोजकेच. मंडईतून वही आणाल, पण पान क्रमांक टाकायला अंक संपलेले असतील.

शून्यवादी

रात्रपाळी, तुम्ही लग्नात जेवायला गेल्यावर पण असंच बोलता का?

हरिपूरकर

माहुलीकर, डबा आणि प्रोग्राम हे आवडलं. तरी माझं अर्धं म्हणणं मी सोडत नाही. पोरांना नोकरीत डबाच मिळतो. त्यांना 'सिद्धांततः' म्हणून काय सांगायचं?

खरं उदाहरण देतो. त्या मुलीच्या गटाचा प्रोजेक्ट आहे कृष्णेची पातळी नोंदवायचा. दर पाच मिनिटांनी वाचन, इंचात. पावसाळा संपल्यावर तीन आकडे हवेत: सर्वांत जास्त पातळी, सरासरी, आणि मेडियन, म्हणजे निम्मी वाचनं ज्याच्या खाली आणि निम्मी वर असतात तो मधला आकडा. बोर्ड अर्डुइनो उनो, म्हणजे छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, रॅम दोन केबी. मेमरी कार्ड नाही, बजेट नाही. पहिले दोन जमले, मेडियनला अडलेत. होणार का?

रात्रपाळी

नाही. सर्वांत मोठा आकडा काढायला एक कप्पा पुरतो, सरासरीला बेरीज आणि संख्या असे दोन. मेडियनला मात्र शेवटपर्यंत कुठलं वाचन मधलं ठरेल ते कळत नाही. एकदाच वाचायला मिळत असेल तर नेमका मेडियन काढायला वाचनांच्या प्रमाणात मेमरी लागते, हे सिद्ध झालेलं आहे. दिवसाला २८८ वाचनं, दोन बाइटने ५७६ बाइट. चौथ्या दिवशी बोर्ड फुल.

सुगंधा_वाई

थांबा थांबा. तो निकाल वाचन काहीही असू शकतं तेव्हाचा आहे. इथे वाचन कुठून कुठपर्यंत जाऊ शकतं? सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या महापुरात ५७ च्या वर गेलं होतं. साठ फूट धरू. इंचात ० ते ७२०, म्हणजे ७२१ शक्यता.

वाचनं साठवायचीच नाहीत. प्रत्येक इंचाला एक मोजणी ठेवायची: ही पातळी किती वेळा आली. दोन बाइटची एक मोजणी धरली तर १,४४२ बाइट. २,०४८ मधून उरले ६०६, त्यात बाकीचा प्रोग्राम. मोजणी ६५,५३५ पर्यंत जाते आणि जूनपासून सप्टेंबर अखेरपर्यंत १२२ दिवसांत वाचनं होतात ३५,१३६. नदी चार महिने एकाच इंचावर बसून राहिली तरी कप्पा ओसंडत नाही. शेवटी खालून मोजण्या मिळवत जायचं, निम्म्यावर पोचलो की तो मेडियन. अंदाजे नाही, नेमका.

काटेवाला

वा ताई! हे काट्यावरच्या माणसासारखं झालं.

शून्यवादी

साठ फुटांच्या वर गेली तर?

मिरज_जंक्शन

तर मेडियन विचारायला सांगलीत कोण असणार आहे.

माहुलीकर

याच जातीची आणखी एक चीज पोरांना दाखवा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या जाताहेत आणि निम्म्याहून जास्त मतं कुणाला, एवढंच हवंय. उमेदवार कितीही असोत, लक्षात ठेवायचं एक नाव आणि एक आकडा. चिठ्ठीवर तेच नाव आलं तर आकडा एकने वाढवा, वेगळं आलं तर एकने कमी करा, आकडा शून्य असेल तर नवीन नाव धरा. कुणाला खरोखर निम्म्याहून जास्त मतं असतील तर शेवटी हातात त्याचंच नाव उरतं. बॉयर आणि मूर, १९८० च्या सुमारास. कारण सोपं आहे: प्रत्येक वजाबाकीत दोन वेगवेगळ्या नावांची जोडी बाद होते, आणि निम्म्याहून जास्त असलेल्याला पूर्ण बाद करायला बाकीचे पुरतच नाहीत.

पण बहुमत कुणालाच नसेल तर उरलेलं नाव खोटं असू शकतं. अ, ब, क अशा तीनच चिठ्ठ्या घ्या: अ आणि ब एकमेकांना खातात, क उरतो. म्हणून चिठ्ठ्या दुसऱ्यांदा वाचून त्या नावाची मतं मोजावी लागतात.

तासगावकर

अ आन ब भांडले, क सरपंच. आमच्या गावात याला अल्गोरिदम म्हणत न्हाईत.

अडाणी_नंबर_एक

म्हणजे हुशारी केली की मेमरी कमी करता येते. किती कमी? त्याला काही हद्द?

सुगंधा_वाई

यावर अलीकडेच मोठी गोष्ट घडली. एखाद्या कामाला वेळ बराच लागत असेल तर मेमरी किती कमीत भागवता येईल? १९७५ मध्ये हॉपक्रॉफ्ट, पॉल आणि व्हॅलियंट यांनी थोडीशी बचत दाखवली होती. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं तिथेच. २०२५ मध्ये रायन विल्यम्स यांनी दाखवलं की मेमरी वेळेच्या साधारण वर्गमुळाएवढीच पुरते, वर एक छोटासा लॉगचा गुणक. दहा लाख कोटी पावलांच्या कामाला दहा लाख कोटी कप्पे लागतील असं वाटावं, तिथे काही कोटींत भागतं. किंमत वेळेत मोजायची आणि ती जबर आहे. शिवाय हा निकाल ट्युरिंग यंत्रांबद्दलचा आहे, उनोवर उद्या टाकता येईल असं काही नाही.

उलट बाजूचे साधे वाटणारे प्रश्नही अडलेले आहेत. इनपुटएवढीच मेमरी असलेल्या यंत्रांबद्दल कुरोडा यांनी १९६४ मध्ये दोन प्रश्न मांडले. एक १९८७ मध्ये इमरमन आणि सेलेप्चेनी यांनी स्वतंत्रपणे सोडवला. दुसरा अजून उघडा आहे.

माहुलीकर

आणि अगदी छोटी यंत्रंही किती छळतात बघा. पाच अवस्था, दोन चिन्हं, कोरी फीत. अशा ट्युरिंग यंत्रांपैकी थांबणारं यंत्र जास्तीत जास्त किती पावलं चालतं? ४,७१,७६,८७०. हे २०२४ मध्ये सिद्ध झालं, आणि केलं कुणी, तर इंटरनेटवर एकत्र आलेल्या हौशी-गवशी मंडळींनी. पुरावा संगणकाकडून तपासूनही घेतला. चार अवस्थांचं उत्तर १०७ आहे. एका अवस्थेने १०७ वरून पावणेपाच कोटी. सहाचं उत्तर कुणाकडे नाही.

हरिपूरकर सर, हे त्या मुलीला सांगा. पाच अवस्थांत फक्त प्रोग्राम आहे, मेमरी म्हणजे फीत. 'बिट मोजके म्हणून सोपं' हे इथेच कोसळतं.

हरिपूरकर

सांगितलं. तिला बहामनी आणि पाच अवस्था दोन्ही आवडले. म्हणाली, म्हणजे सर, आपलं मशीन फायनाइट आहे हे खरं, पण तसं समजून काही काढता येत नाही. मला याहून नीट सांगता आलं नसतं. रात्रपाळींचा तपासनीस मात्र तिने वहीत उतरवून घेतला आणि त्यात चूक शोधतेय. अजून सापडलेली नाही.

७२१ कप्प्यांचा कोड चालला. आता गटातल्या एका पोराला अर्ध्या इंचाची अचूकता हवी झालीय. १,४४१ कप्पे, २,८८२ बाइट. मावत नाही.

काटेवाला

वरचे कप्पे गाळा. पूर काही दिवसांचा. ३५ फुटांच्या वर निम्मा पावसाळा पाणी राहत नाही, म्हणजे मेडियन तिथे असणारच नाही. सर्वांत जास्त पातळीचा कप्पा तर वेगळा आहेच. ३५ फुटांपर्यंत अर्ध्या इंचाचे ८४० कप्पे, आणि त्यावरच्या सगळ्याला मिळून एक. १,६८२ बाइट. उरले ३६६. तंग आहे, पण मी १२८ मध्ये संसार केलाय.

सुगंधा_वाई

किंवा मोजणी एकाच बाइटची ठेवा, पण प्रत्येक वेळी वाढवू नका. आकडा जसा मोठा होईल तसा वाढवायचा संभव कमी कमी करत न्या. मॉरिस यांची १९७८ ची युक्ती. एका बाइटमध्ये २५५ च्या कितीतरी पुढची मोजणी अंदाजाने मावते. १,४४१ बाइटमध्ये पूर्ण साठ फूट. मेडियन मग अंदाजे होईल, पण अर्ध्या इंचाचा हट्ट ज्याने धरलाय त्याला अंदाज म्हणजे काय हेही कळेल.

रात्रपाळी

काटेवाल्यांचं घ्या. नेमकं उत्तर मिळत असताना फासे कशाला टाकायचे.

तासगावकर

ते समदं ऱ्हाऊ द्या. पुरात लाईट गेल्यावर रॅममधलं काय ऱ्हातंय?

हरिपूरकर

😐

माहुलीकर

उनोला ईईप्रॉम आहे, वीज गेली तरी टिकते. पण १,०२४ बाइट. १,६८२ त्यात जात नाहीत. आणि एका कप्प्यावर साधारण लाखभर वेळाच लिहिता येतं, दर वाचनाला लिहीत बसू नका.

काटेवाला

बारा व्होल्टची जुनी बॅटरी लावा. माझ्याकडे पडून आहे, विश्रामबागला येऊन घेऊन जा.